बिऱ्हाडाच्या भिंती



दोन महिने काही लिहिलं नाही, तर भाचीचा फोन आला, "मावशी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. घर सोडत होते. भिवंडीतल्या ज्या दोन खोल्यांत १९७३ साली लग्न होऊन आले, त्या बावन्न वर्षांनी रिकाम्या केल्या. इमारत धोकादायक ठरली आहे, पाडून नवी बांधणार आहेत.

सामान टेम्पोत चढलं आणि मी शेवटचा झाडू मारायला परत वर गेले. भिंतीवर काय उरलं होतं, तर खिळे. मोजले. (शिक्षिका ना, मोजल्याशिवाय चैन पडत नाही.) सतरा भरले. त्यातले आमचे चारच. बाकीचे तेरा आमच्या आधीच्या बिऱ्हाडांचे. हे मला इतकं नक्की ठाऊक आहे, कारण आम्ही राहायला आलो त्या दिवशी घरमालकांनी स्वतः ते मोजून दाखवले होते. त्यांना सगळी इमारत चाचा म्हणायची. पांढरी लुंगी, हातात किल्ल्यांचा जुडगा. म्हणाले, "बाई, तेरा आहेत. चौदावा नको. भिंत माझ्या वडलांनी बांधलेली आहे."

तेव्हा हसू आलं होतं. नंतर कळलं की चाचा गंमत करत नव्हते. भिंत विटांची होती, पण वरचा गिलावा चुन्याचा आणि जुना. खिळा एक ठोकला की ताटाएवढा पोपडा खाली यायचा.

भाड्याच्या घरात भिंतीला धक्का न लावता घर कसं सजवायचं, यावर हल्ली तरुण मंडळी बरंच बोलतात. मला वाटतं, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. आपल्या घरांमधलं जे काही आपण 'मराठी घराची सजावट' म्हणून ओळखतो, तसबिरी, कॅलेंडरं, दारावरचं मण्यांचं तोरण, रुखवतातले भरतकामाचे तुकडे, ते बरंचसं या प्रश्नाचंच उत्तर आहे.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. घर स्वतःचं, मातीच्या जाड भिंतींचं. त्यात कोनाडे होते, फडताळ होतं, भिंतीत बसवलेल्या लाकडी खुंट्या होत्या. तिथे सजावट वेगळी करावी लागत नसे. दिव्याला कोनाडा, टोपीला खुंटी, सगळं भिंतीतच. आई दिवाळीला भिंत सारवून गेरूची पट्टी ओढायची, कुणाला विचारायची नाही. बिऱ्हाडाच्या खोलीत कोनाडा नसतो. तिथे असतो खिळा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते नांगीबद्दल नसून सामानाबद्दल आहे हे मला भिवंडीत आल्यावर समजलं.

आता थोडं मागे जाते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, आणि त्याने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. मग १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या, २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. खाजगी मालकांच्या आणि गिरण्यांच्या चाळी वेगळ्याच. कोकणातून, घाटावरून आलेलं माणूस पहिल्यांदाच अशा भिंतीआड राहायला लागलं, जी त्याने बांधली नव्हती आणि जिला तो हात लावू शकत नव्हता. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर बरीच वर्षं दोन खोल्यांत राहिले. पुढे दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं, ते आधी ग्रंथांचा विचार करून. स्वतःची भिंत मिळाल्यावर माणूस पहिल्यांदा काय मागतो, हे त्यावरून दिसतं. बाकीच्यांच्या नशिबी राजगृह नव्हतं. त्यांनी खिळ्यावर भागवलं.

आणि त्या खिळ्यावर टांगायला वस्तू नेमकी त्याच काळात मिळाली. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी देवाचं चित्र म्हणजे बहुतेकदा देवळाच्या किंवा वाड्याच्या भिंतीवर रंगवलेलं, तिथेच राहणारं. आता लक्ष्मी-सरस्वती कागदावर आल्या, काचेच्या चौकटीत बसल्या आणि बिऱ्हाडाबरोबर हिंडू लागल्या. आमच्याकडे रविवर्म्याची लक्ष्मी आहे, सासूबाईंच्या सासूबाईंची. कमळावर उभी, बाजूला हत्ती. तिने आमच्या घराण्यात पाच बिऱ्हाडं पाहिली आहेत, सहावं आता पाहते आहे. काच दोनदा फुटली, लक्ष्मी तीच.

तसबीर विकत घ्यावी लागे, कॅलेंडर फुकट मिळे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं ज्यांनी कधी एका पैशाचं चित्र विकत घेतलं नाही त्यांच्या घरात गेली, ती कॅलेंडरांमुळे. आमचे 'हे' सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते, त्यामुळे डिसेंबरअखेर आमच्याकडे सात-आठ कॅलेंडरं यायची, सायझिंगवाल्यांची, रंगवाल्यांची. खिळा एक आणि कॅलेंडरं आठ! मग एकावर एक टांगायची आणि महिन्यागणिक वरचं खाली. वर्ष संपलं की चित्र कापून पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवायचं. उरलेल्या कागदाची वह्यांना कव्हरं. माझ्या वर्गात जूनमध्ये चाळीस वह्यांवर चाळीस देव असायचे, आणि लाल शाईचा शेरा कुठे मारावा हा प्रश्न पडायचा. १९७३ साली 'कालनिर्णय' आलं आणि हळूहळू घराघरांतल्या कॅलेंडरातून चित्रच गेलं, आकडे मोठे झाले. सोयीचं झालं खरं. पण भिंत उघडी पडली, असं माझं मत. आमच्या चार खिळ्यांतला पहिला त्याच्यासाठी स्वयंपाकघरात ठोकला, चाचांना विचारून.

आता कायद्याचं सांगते, कारण या सगळ्याचं मूळ तिथे आहे. मुंबईत भाड्यावर निर्बंध पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली आले. दुसऱ्या युद्धाच्या वेळी पुन्हा आले, आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा तर माझ्या आयुष्यभर पुरला. १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे त्याने प्रमाण धरलं. भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. काढायची जी मोजकी कारणं ठेवली, त्यातलं एक असं, की मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने जागेत कायम स्वरूपाचं बांधकाम केलं तर. त्याआधीच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही तोच सूर आहे. भाडेकरूने जोडलेली वस्तू त्याने जाताना न्यावी, पण जागा जशी मिळाली तशी परत द्यावी.

म्हणजे बघा, माणूस कायमचा, आणि त्याने केलेलं सगळं तात्पुरतं. आम्ही बावन्न वर्षं राहू शकलो, ते या कायद्यामुळे. आणि बावन्न वर्षांत एक खिडकी मोठी करू शकलो नाही, तेही त्याच्यामुळेच. चाचांच्या बाजूनेही बोलायला हवं. पंचेचाळीस रुपये भाड्यात काय डागडुजी होणार? सुरुवातीला ते एक वर्षाआड नीळ घातलेला चुना मारून द्यायचे, मग तेही थांबलं. मालक म्हणतो परवडत नाही, भाडेकरू म्हणतो माझी नाही. दोघांचंही खरं. मधल्या मध्ये भिंतीला ओल येत राहिली. आमच्या उत्तरेच्या भिंतीला आलेली ओल झाकायला मी मांजरपाटावर कशिदा काढून मोठा पडदा केला. पाहुणे म्हणायचे, काय सुंदर काम आहे! मागे काय आहे ते मलाच माहीत. आता तो काढला तेव्हा मागच्या विटा हाताने सुटत होत्या. २०२० च्या सप्टेंबरात आमच्याच गावात जिलानी इमारत पहाटे कोसळली, पस्तीसहून जास्त माणसं गेली. त्या रात्रीनंतर आमच्या जिन्यावरची माणसं भिंतींकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली, आणि मी मात्र पडदा तसाच ठेवला होता. याचं मला अजून वाईट वाटतं.

भिवंडीच्या भिंतीचा आणखी एक स्वभाव आहे, तो बाहेरच्यांना सांगायला हवा. ती हलते. आमच्या खाली यंत्रमागाचा कारखाना होता. एका पाळीला बारा तास, दोन पाळ्या. खटक-खटक-खटक-खटक. आवाजाची सवय होते, पण तसबिरी रोज वाकड्या होतात. सकाळी उठून पहिलं काम लक्ष्मी सरळ करायची. फळीवर ठेवलेली वस्तू कडेकडेने सरकत खाली पडायची, म्हणून शोभेची वस्तू ठेवायची नाही, टांगायची, आणि तीही सुतळीने खालून बांधायची. वर कापसाची बारीक रुई सगळ्यावर बसते. त्यामुळे आमच्या गावात सजावट म्हणजे झटकता येईल, धुता येईल अशीच. गिरणी संपानंतर, १९८२ पासून, मागांची संख्या वाढतच गेली आणि आमची लक्ष्मी दिवसातून दोनदा सरळ करावी लागू लागली. एकदाच ती बरेच दिवस आपोआप सरळ राहिली. १९८४ च्या मे महिन्यात दंगल झाली, संचारबंदी लागली, माग बंद पडले. घरात बसून आम्ही दोघं त्या सरळ तसबिरीकडे बघायचो आणि काही बोलायचो नाही. त्या दिवसांत चाचा रोज खालून हाक मारायचे, "बाई, दूध आहे का?" माग पुन्हा सुरू झाले त्या सकाळी लक्ष्मी वाकडी झाली आणि मला बरं वाटलं.

मागांचा फायदा म्हणजे कापड. ग्रे कापडाचे डागी तुकडे वजनावर मिळत. भिवंडीतल्या भाड्याच्या घरातली आतली भिंत ही बहुतेक कापडाचीच असते. थोरला दहावीला गेला तेव्हा आम्ही खोलीच्या दोन टोकांना दोन खिळे ठोकून दोरी बांधली आणि पडदा सोडला. एका बाजूला त्याची खोली, दुसऱ्या बाजूला आमची. त्यावर धाकटीने रंगाचे ठसे मारले, भेंडी कापून. दुसरा आणि तिसरा खिळा, ते हे.

ओट्याची गोष्ट मात्र सजावटीत बसते की नाही, तुम्हीच ठरवा. मी बसवते. १९७९ साली आम्हाला गॅस मिळाला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणजे ओटा हवा. तोवर मी जमिनीवर बसून स्टोव्हवर स्वयंपाक करत होते. चाचा म्हणाले, "घाला की. पण लिहून मागू नका, माझी पोरं विचारतील." कायद्याला तर लेखीच हवं! ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं, कडाप्पा ठेवा, पण सिमेंटला हात लावू नका. मग यांनी विटांचे दोन खांब रचले, नुसते रचले, वर कडाप्प्याची फरशी टेकवली. माग चालू असले की फरशी गुणगुणायची आणि डबे वाजायचे, म्हणून विटा आणि फरशी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. त्या डोलत्या ओट्यावर मी पुरणपोळ्या केल्या आहेत.

चाचा गेल्यावर १९९२ साली त्यांच्या वारसांची नोटीस आली. विनापरवाना कायम स्वरूपाचं बांधकाम केल्याबद्दल जागा खाली करा. एक माणूस कॅमेरा घेऊन आला. हे काही बोलले नाहीत. शेगडी बाजूला केली, फरशीचा कोपरा दोन्ही हातांनी धरून चार बोटं वर उचलला आणि म्हणाले, "काढा फोटो." फोटो निघाला. दावा काही झाला नाही. पण ती रात्र आम्ही जागून काढली, कारण मुलांची शाळा, माझी नोकरी, सगळं त्या सिमेंट न लावलेल्या फटीवर उभं होतं. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात स्पष्टीकरण आहे, की लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला उभा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग वगैरे गोष्टी कायम स्वरूपाचं बांधकाम धरायच्या नाहीत. जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी घ्यायची, एवढंच. मी ते वाचलं तेव्हा यांना म्हटलं, आता तरी सिमेंट लावू या. हे म्हणाले, "राहू दे. सवय झाली." ते राहिलंच.

आमचं निदान दोन खोल्यांचं तरी बिऱ्हाड होतं. १९९१ च्या जनगणनेच्या आधी घरयादीचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं, तेव्हा मी भिवंडी आतून पाहिली. कागदावर विचारायचं, भिंत कशाची, छप्पर कशाचं, घर मालकीचं की भाड्याचं. भिंतीवर काय आहे याला रकाना नव्हता, पण मी बघत होते. पद्मानगरात तेलुगू विणकरांच्या उंबऱ्यापुढे रोज पहाटे पिठाची मुग्गू. संध्याकाळपर्यंत पायाखाली पुसली जाणार, उद्या पुन्हा. मालकाने काय म्हणायचं त्याला? आणि कारखान्यांच्या वरच्या खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार, एका खोलीत पंधरा-वीस, पाळीपाळीने झोपणारे, भिशीत जेवणारे. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला एक खिळा. त्यावर पिशवी, पिशवीवर शर्ट. एकाने आपल्या खिळ्याभोवती मागावरच्या वाया गेलेल्या रंगीत सुताचं वेटोळं करून फुलासारखं काहीतरी बांधलं होतं. मी विचारलं, हे कशाला? तो लाजला. म्हणाला, "पहचान के लिए." मी घर क्रमांक लिहून पुढे गेले, पण ते फूल अजून आठवतं.

आता मी वन बीएचकेत राहते आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. हे अकरा महिन्यांचं प्रकरणही गमतीचं आहे. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लिव्ह-लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्याने संरक्षित भाडेकरू करून टाकलं. मालक घाबरले. शिवाय वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो म्हणून अकरा महिने. १९९९ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी करार नोंदवावाच लागतो, पण अकराचा आकडा काही सुटला नाही. जुन्या भाडेकरूला घर सोडावं लागत नसे पण भिंत त्याची नव्हती. नव्याला भिंतही नाही आणि घरही नाही. भाचीचे पुण्यात घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले, भिंतीत अकरा भोकं होती म्हणून. महिन्याला एक! म्हणून ती पिढी चिकटवायचे हुक, कागदी दिवे, उभ्या शिड्या असलं काही वापरते. त्यांना हसू नये. चिकटवायचा हुक आणि आमची सुतळी, यात मला तरी फार फरक दिसत नाही. २०२५ साली वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा टीव्हीवर एक बाई भिंतीवरून नुसता हात फिरवत होती. ते मला बरोबर कळलं.

माझ्या करारात नववं कलम आहे, भिंतीस खिळा ठोकू नये. चौथ्या खिळ्याचं सांगायचं राहिलं. तो २०११ चा. हे गेल्यावर यांचा फोटो लावायला ठोकला. तेव्हा कुणाला विचारलं नाही, आणि कुणी काही म्हणालंही नाही. आता तो फोटो इथे कुठे लावायचा? नातवाने चिकटवायचे दोन हुक आणले, जाड चौकटीला पेलतील असे. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला धाडकन आवाज झाला. काच तडकली.

सकाळी हमालांनी गॅलरीत उभी करून ठेवलेली कडाप्प्याची फरशी आठवली. ती मी सोडून आले नव्हते. जोडलेली वस्तू जाताना न्यावी असं कायदाच म्हणतो, आणि ही तर जोडलेलीही नव्हती. जुन्या घरातून निघताना दोघांनी पाच मिनिटांत उचलली होती. बाहेरच्या खोलीत दोन्हीकडे चार-चार विटा रचून तिच्यावर ती टेकवली आहे. ट्यूबचे तुकडे नवे घातले, इथे माग नाहीत तरी. त्यावर भिंतीला टेकून लक्ष्मी आणि शेजारी यांचा फोटो. दोन्ही अगदी सरळ असतात, दिवसभर.

फक्त हार घालायला वाकावं लागतं आणि माझे गुडघे आता ऐकत नाहीत. म्हणून मालकांना पत्र लिहिलं आहे, एका खिळ्यासाठी लेखी परवानगी द्यावी म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही.